सहा हजाराचं अंडं

मलकापुरात मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो, त्या सिस्टर रोज संध्याकाळी आठच्या ठोक्याला देवाला चार्ज द्यायच्या.

चार्ज म्हणजे काय ते आधी सांगतो. दवाखान्यात एका नर्सची ड्यूटी संपली की ती पुढच्या नर्सला सांगून जाते, अमक्या खाटेला ताप आहे, तमक्याचं सलाईन संपत आलंय, आता तू बघ. सिस्टर मिरजेला एका दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होत्या. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. आठ वाजले की दाराकडं तोंड करून प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या. समोर दुसरी खुर्ची रिकामी. ती रात्रपाळीवाल्याची. त्या खुर्चीवर सव्वाआठपर्यंत कुणी बसायचं नाही, मी एकदा मोबाईल चार्जिंगला लावून टेकलो तर पदरानं हाकललं होतं मला, माशी हाकलतात तसं.

मग डोळे मिटून सुरू.

"खाट नंबर एक. वरच्या खोलीतलं कडेगावचं कार्टं. जेवलंय. भाडं दिलेलं न्हाई. ताप न्हाई, पण चिंता हाय. खाट नंबर दोन. पान्याची मोटार. सकाळपासनं कण्हत्या. खाट नंबर तीन. माझे दात. मागच्यासारखंच. सगळे पेशंट जिवंत हायती. आता रात्रपाळी तुमची. मी निघाले."

निघाले म्हणायच्या आणि उठून चार पावलांवरच्या कॉटवर जाऊन बसायच्या. पण चेहरा असा की बाई खरंच ड्यूटी संपवून, हातपाय धुऊन, मोकळ्या झाल्या.

मी एकदा विचारलं, "सिस्टर, चर्चमधी तुमी सगळी देवाला 'तू' म्हणता. मग हितं 'तुमी' का?"

"तितं सगळी म्हणत्यात म्हणून म्हणते. ड्यूटीवर वरिष्ठाला अरे-तुरे करत न्हाईत. शिस्त हाय का न्हाई तुला?"

यातला प्रत्येक 'स' शिट्टीसारखा यायचा. त्यांची कवळी जुनी झाली होती, वरच्या हिरडीत नीट बसायची नाही, त्यामुळं 'सिस्टर' म्हणाल्या की कुकरची शिट्टी व्हायला आलीय असं वाटायचं. आणि मी पडलो नकल्या. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात अर्ध्या सुट्टीची घंटा द्यायला लावून मार खाल्लेला माणूस. मला असला आवाज म्हणजे घरबसल्या खजिना. जीभ वरच्या दातांमागं दुमडायची, हवा जरा कडेनं सोडायची, की सिस्टर हजर. कराडला मी ज्या मोबाईलच्या दुकानात होतो, तिथं दुपारी गिऱ्हाईक नसलं की पोरं म्हणायची, "गड्या, सिस्टर काढ." मी काढायचो. खाट नंबर एकपासून तीनपर्यंत.

सिस्टरांना हे माहीत होतं का? होतं की. पहिल्याच महिन्यात जिन्याखालून ओरडल्या होत्या, "माझा आवाज वापरतोस ते वापर, पण त्या आवाजात दूधवाल्याला दोन लिटर सांगू नगोस. मी अर्धाच पिते."

खोली घ्यायला गेलो तेव्हा मी विचारलं, भाडं किती. तर म्हणाल्या, "तुला परवडंल ते सांग." मी घाबरत घाबरत पंधराशे म्हणलं. "बरं," म्हणाल्या, "मग सोळाशे. तू खोटं बोलनार हे धरून शंभर वाढीवले."

आता माझ्या चिंतेचं. दुकानात पगार बेताचा. वरकड म्हणून वाढदिवस, हळदी असल्या कार्यक्रमात माईक धरायचो, नकला करायचो. पण स्पीकर भाड्याचा. निम्मे पैसे स्पीकरवाला न्यायचा. स्वतःचा स्पीकर घ्यायचा म्हणून मी साठवत होतो. त्यात मोठा भाऊ मिलिटरीत, तो दर रविवारी फोनवर विचारायचा, "पर्मनंटचं काय बघतोयस?" जसं काय पर्मनंट नावाची बस आहे आणि मी स्टँडवर झोपलोय. मग मी खोलीत येऊन बसायचो आणि डोक्यात सहा महिन्यांपुढचं सगळं मांडायचो. पाऊस लांबला तर हळदी लांबणार, हळदी लांबल्या तर स्पीकर लांबणार, स्पीकर लांबला तर लग्न लांबणार, आणि लग्न लांबलं तर माझ्या हळदीला माईक कोण धरणार.

तोंड पाडून खाली आलो की सिस्टर आधी माझं मनगट धरायच्या. खरोखर नाडी बघायच्या, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत, पूर्ण मिनिटभर.

"आज जेवलास?"

"व्हय."

"छपराखाली हायस?"

"तुमच्याच छपराखाली हाय की."

"मी भाडं मागितलं आज?"

"न्हाई."

"मग आजचं भागलं. उद्याचा पेशंट आज तपासत न्हाईत. उद्याच्या ओपीडीत आन त्याला."

"आवं सिस्टर, पण उद्या येणारच हाय की त्यो."

"येऊ दे. उद्या डॉक्टर बी येनार हायती."

एकदा मी चिडून म्हणलं, की तुमचं बरंय, तुमाला काय चिंताच न्हाई. तर हातातली पळी खाली ठेवून बसल्या.

"मला चिंता न्हाई? आरं, मी इतकी चिंता केल्या की तिची वर्गवारी करता यील. म्हातारपणी कोन बघनार, पैसं पुरतील का, दुखणं आलं तर काय. वार्डातनं सुटले की खोलीवर चिंता. एकदा आमच्या मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, तू चार्ज देतीस आन परत वार्डात येऊन डोकावतीस. हे बरं न्हाई. दुसरीला वाटतं, हिचा माझ्यावर भरवसा न्हाई. चार्ज दिल्यावर डोकावलं की पुढच्या नर्सचा अपमान असतो." मग दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणाल्या, "तवा मला कळलं मी कुनाकुनाचा अपमान करत आल्ये ते. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करायची, आन आमेन म्हणून झालं की परत चिंता करत बसायची. म्हंजे प्रभू, तुमी बघा, पण मी बी बघते, कारण तुमचं काय खरं न्हाई."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. हसल्या की कवळी खाली यायची आणि त्या ती जिभेनं वर ढकलायच्या, पंखा बंद पडला की आपण काठीनं ढकलतो तसं.

त्या कवळीसाठीच त्यांनी पैसे जमवले होते. गल्लीतल्या लोकांना इंजेक्शनं देऊन आणि माझ्या भाड्यातून, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. कराडच्या दाताच्या डॉक्टरांनी माप घेतलं होतं आणि सहा हजार सांगितले होते. हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं, कारण ते पैसे डब्यात बसत नव्हते तेव्हा बंद्या नोटा मीच करून आणल्या होत्या. सिस्टरांना ज्वारीच्या कडक भाकरीचा वरचा पापुद्रा जिवापाड आवडायचा. पण तो चावता यायचा नाही. भाकरी तव्यावरनं उतरली की पापुद्रा काढून माझ्या ताटात टाकायच्या, मऊ भाग स्वतः खायच्या, आणि मी कुरकुरीत खाताना माझ्या तोंडाकडं बघायच्या.

"प्रभूकडं रोजची भाकर मागत आले," म्हणायच्या, "त्यानं दिली. दात मागायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

आता हंगामाच्या सणाकडं येतो. चर्चमध्ये सुगीनंतर हा सण असतो. ज्याच्या रानात, परसात जे पिकलं ते लोक उपासनेला आणतात. भोपळे, उसाच्या मोळ्या, शेंगा, कोंबड्या. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो, पैसे चर्चच्या कामाला. यात सगळ्यात मजा अंड्याची. कुणीतरी एक अंडं आणतंच. ते लिलावात घ्यायचं, पैसे द्यायचे, आणि अंडं परत टेबलावर ठेवायचं, म्हणजे पुन्हा लिलाव. आदल्या वर्षी एकच अंडं नऊदा विकलं गेलं आणि दहाव्यांदा कुणाच्या तरी खिशात फुटलं, नाहीतर अजून चालूच असतं.

त्या साली मी सिस्टरांबरोबर गेलो. देव वगैरेसाठी नाही, जेवणासाठी. लिलावाचे पैसे कब्रस्तानाच्या भिंतीला जाणार होते. भिंत पडली होती आणि आत म्हशी चरायच्या. उपासना चालवणारे पाळकसाहेब स्वतः लिलाव पुकारत होते. भला माणूस, पण आवाज असा की भोपळा विकतायत का भोपळ्याचं सांत्वन करतायत, कळेना.

सिस्टर पुढच्या बाकावर. दर वस्तूला पहिली बोली त्यांची, "अकरा." बोली वाढली की गप्प. वर्षानुवर्षं अकराच्या वर गेल्या नव्हत्या. मी मागं, चर्चमधल्या पोरांबरोबर. अंडं टेबलावर आलं. सिस्टर म्हणाल्या, "अकरा." कुणी पन्नास म्हणलं, कुणी शंभर. दोनशेवर गाडी अडली. शेजारचं पोरगं मला कोपरानं ढोसत म्हणालं, "काढ की रं सिस्टर. एकदाच."

मी जीभ दुमडली. आणि काय आकडा तोंडात आला, तर डब्यातला.

"सहा हज्जार."

शिट्टी एवढी झकास कधी बसली नव्हती. हे लोक आता फिदीफिदी हसणार अशी माझी समजूत. तर अंगणात टाळ्या. बायका उठून सिस्टरांकडं बघायला लागल्या. मी अर्धा उठलो, म्हणलं आता सांगून टाकावं, तोवर पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि हात वर करून उपकारस्तुतीची प्रार्थना सुरू केली. आता दीडशे माणसं डोळे मिटून उभी असताना 'थांबा, ते मी होतो' कसं म्हणणार? मी आमेनची वाट बघत राहिलो. आमेन काही लवकर येईना. भिंतीचा पाया झाला, विटा झाल्या, गवंड्याचं आरोग्य झालं. आमेन आलं तेव्हा सिस्टर टेबलापाशी पोचल्या होत्या आणि अंडं त्यांच्या रुमालात होतं.

परत मात्र ठेवलं नाही त्यांनी ते. घेऊन निघाल्या.

वाटेत मी दोन पावलं मागं. "सिस्टर, ते..."

"गप. हातात अंडं हाय. हसवू नगोस."

"तुमाला कळलं व्हतं?"

"आरं, माझा आवाज माझ्या पाठीमागनं आला. मी काय भूत हाय?"

"मग न्हाई का म्हणला न्हाई?"

"म्हणनारच हुते. तोंड उघडलंवतं. तवर पाळकसाहेबांनी डोळे मिटले, आन मिटल्या डोळ्यातनं पानी आलं त्यांच्या. दोन म्हैनं झाले, बिचारे उपासना संपली की म्हशी हाकलाय जात्यात."

"पण तुमचे दात?"

सिस्टर थांबल्या. रुमाल या हातातून त्या हातात घेतला. "दात टिकनार पाच-सात वर्षं. भिंत त्याच्यापेक्षा टिकंल. आन मला तितं दातापेक्षा जास्त दिवस राहायचंय."

घरी आल्यावर त्यांनी डबा उघडून सहा हजार मोजून माझ्याच हातात दिले, म्हणाल्या पाळकसाहेबांना देऊन ये. मी ते पोचवून आलो तर अंडं उकडून तयार. सोललं, बशीत ठेवलं, आणि टाक्याचा दोरा दोन हातांत ताणून बरोबर मधोमध कापलं. काय सफाई, पिवळ्याचे दोन सारखे अर्धे.

"तीन हजार तुझं, तीन हजार माझं," म्हणाल्या. "मीठ फुकट."

माझ्या घशाखाली उतरेना. त्या मात्र चवीनं खात होत्या. "बघ, ह्याला दातच लागत न्हाईत. प्रभूनं कसं जुळवून आनलंय."

"मी तुमचं पैसं देतो परत. थोडं थोडं."

"मी उसनं दिलंय व्हय? लिलाव हाय त्यो. बोलीचं पैसं परत घेत न्हाईत. खा."

त्या दिवशी आठ वाजता मी जिन्यात बसून चार्ज ऐकला. म्हणलं, आज आपली तक्रार थेट वर जाणार.

"खाट नंबर एक. कार्टं. आज लय घाबरलंय. अर्धंच अंडं खाल्लं त्यानं. रागावू नका. खाट नंबर दोन. मोटार, सुधारली. खाट नंबर तीन. माझे दात. तक्रार न्हाई. फक्त कळवलं. रात्रपाळी तुमची. मी निघाले."

शिव्या दिल्या असत्या तर मी निवांत झोपलो असतो.

पंधरा-वीस दिवसांनी ती कवळी मधोमध मोडली. आधी त्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी लावून बघितली. दोन घास टिकली. मग कवळी वाटीत आणि भाकरी दुधात. शिट्टीही गेली. नुसता बोळक्यातून हवा सुटल्यासारखा आवाज. दुकानात पोरं म्हणाली, सिस्टर काढ, तर मला काढताच येईना. तव्यावरचा पापुद्रा मात्र अजून माझ्याच ताटात यायचा. मी तो खायचो, आणि समोर बसून त्या दुधातली भाकरी चमच्यानं कुस्करायच्या. कुरकुर आवाज होऊ नये म्हणून मी पापुद्रा चोखून खायला लागलो. ते त्यांनी बघितलं.

"चाव की नीट. मी ऐकते तरी."

ते ऐकलं आणि माझं ठरलं.

स्पीकरसाठी माझ्याकडं सात हजार जमले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दाताच्या डॉक्टरांकडं गेलो, सहा हजार भरले. डॉक्टर म्हणाले, माप ठेवलंय, करतो. परत येताना चालत आलो. खिसा हलका. स्पीकर आणखी वर्षभर लांबला होता. रस्ताभर सहा महिन्यांपुढचं, वर्षभरापुढचं सगळं मांडून झालं. मग लक्षात आलं, भाकरी त्यांनी दुपारची बांधून दिलीये, ती तशीच पिशवीत आहे. आजचं भागलं होतं, मी ते खाल्लं नव्हतं इतकंच.

पण सिस्टर पैसे परत घेणार नाहीत हे माहीत होतं. म्हणून सिस्टरांचा आवाज सोडून मी दुसरा आवाज काढला. कवळी तयार झाल्यावर दुकानातूनच, दुसऱ्या नंबरवरून, डॉक्टरांच्या जाड आवाजात फोन लावला.

"हॅलो, सिस्टर का? तुमची कवळी तयार आहे. पैसे जमा आहेत. एका हितचिंतकाने भरले. तेवढं येऊन बसवून घ्या."



"डॉक्टर," सिस्टर बोळक्यातून म्हणाल्या, "तुमच्या दवाखान्यात रिचार्ज कवापासनं मारून देत्यात? मागनं एक बाई दोनशेचं मारा म्हणत्या."

मी फोन कानापासून लांब धरला.

"बोल की आता. दुकानात गर्दी हाय व्हय?"

"सिस्टर, हे परत देणं न्हाई. लिलावाचं पैसं लिलावात गेलं. हे दात तुमच्या मापाचे हायती. दुसऱ्या कुनाला बसत न्हाईत. तुमी न्हाई नेलं तर डॉक्टर टाकून देनार."

"लबाड हायस."

"व्हय."

"स्पीकरचं गेलं का त्यात?"

"व्हय."

फोन कट झाला. मला वाटलं, चिडल्या. संध्याकाळी घरी आलो तर सिस्टर दारात, तोंड घट्ट मिटून. मग उघडलं. पांढरेशुभ्र, सरळ रांगेत, एखाद्या वर्गाचा फोटो असावा तसे दात.

"सांगलीच्या भाचीला फोन केलावता," त्या म्हणाल्या. "तिनं वळखलंच न्हाई. म्हणली, कोन बोलतंय."

आणि खरंच. 'सांगली' अगदी साधं आलं. शिट्टी नाही. एखादी भलतीच बाई बोलतेय असं वाटलं मला.

आठ वाजले. सिस्टर खुर्चीत बसल्या. समोर रिकामी खुर्ची. डोळे मिटले. "खाट नंबर एक," म्हणाल्या आणि थांबल्या. परत म्हणाल्या, "खाट नंबर एक." मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

"हे काय बरोबर वाटंना. इतकी वर्षं त्या आवाजात चार्ज दिला. आता ही नवीनच नर्स कोन आली म्हणतील. तू दे."

"मी?"

"माझ्या आवाजात. जुन्या. त्यांना सवय हाय त्याची."

"आवं सिस्टर, मी कुठं तुमच्यातला हाय?"

"कवळी बी माझ्यातली न्हाई. बसली का न्हाई? चल, आठ वाजून गेले. ड्यूटीला उशीर झाला की कुजबूज होत्या."

मी जमिनीवर बसलो. जीभ दुमडली. दुकानात शंभरदा केलेली नक्कल, पण इथं आधी त्यांच्यासारखं दाराकडं तोंड वळवलं. सिस्टर डोळे मिटून बसल्या होत्या, हात मांडीवर.

"खाट नंबर तीन," मी सोपं तिथून सुरू केलं. "माझे दात. बसले. पेशंट घरी सोडायला हरकत न्हाई. खाट नंबर दोन. मोटार. बरी हाय. खाट नंबर एक."

इथं मी अडकलो. मला म्हणायचं बरंच होतं. स्पीकर, पर्मनंट, भाऊ, वर्षभर, सगळी यादी तोंडापर्यंत आली होती. पण त्या आवाजात ती यादी बसेचना. तो आवाज असलं कधी बोललाच नव्हता.

"खाट नंबर एक. कडेगावचं कार्टं. जेवायचंय अजून, पण भाकरी तव्यावर हाय. छपराखाली हाय. भाडं दिलेलं न्हाई. आजचं भागलं. रात्रपाळी तुमची. मी निघाले."

सिस्टरांनी एक डोळा उघडला. "आन स्पीकरचं?"

"ते उद्याच्या ओपीडीत."

"परत वार्डात डोकावनार न्हाईस?"

"बघतो."

"बघतो म्हणतोय," त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, आणि उठल्या.

तव्यावरची भाकरी उतरवली. पापुद्रा दोन बोटांनी अलगद सोडवला. मी सवयीनं ताट पुढं केलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं, पापुद्रा मोडला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. कुर्रकन आवाज झाला. मग डोळे मिटून सावकाश चावत राहिल्या.

आता सिस्टर सांगलीला भाचीकडं असतात आणि मी अजून भाड्याच्या स्पीकरवर नकला करतो. हेडमास्तर काढतो, पाळकसाहेब काढतो, शिट्टीवाल्या जुन्या सिस्टर तर हमखास. पण त्या पापुद्र्याचा आवाज लय वेळा करून बघितला. तो काही मला अजून जमत नाही.